सोंग आणि नजराणा : आर्थिक वर्चस्वाच्या व्यवसायाची पूर्वपीठिका

‘फायनान्शियल डॉमिनेशन’ म्हणजे आर्थिक वर्चस्व, आणि व्यवसायातल्या बोलीत ‘फिनडॉम’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारात एक प्रौढ व्यक्ती दुसरीला स्वेच्छेने पैसे देते आणि त्यांच्या मोबदल्यात बहुधा वस्तू, सेवा किंवा शरीरसंबंध यांपैकी काहीच मागत नाही. देणाऱ्याला देण्यातूनच आपली शरणागती अनुभवायची असते. घेणारी, आणि ती बहुतेकदा स्त्री असते, तो पैसा आभार न मानता, हक्काचा म्हणून स्वीकारते. विकण्याजोगा दुसरा मालच नसल्यामुळे या व्यवसायात घेणारीची व्यक्तिरेखा, म्हणजे तिचे नाव, वेश, भाषा आणि तोरा, हेच भांडवल ठरते. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे मराठीत म्हणतात. या व्यवसायाची सारी रचना त्या म्हणीच्या दोन्ही अंगांवर उभी आहे, कारण त्यातले वर्चस्व ठरवून घेतलेले सोंग असते, आणि दिलेला पैसा मात्र खराच असतो.

संभाषण सुरू होण्यापूर्वी द्याव्या लागणाऱ्या रकमेला या क्षेत्रात ‘ट्रिब्यूट’ म्हणतात. मराठीत त्याला खंडणी म्हणता येणार नाही, कारण खंडणी जबरदस्तीने वसूल होते. ‘नजराणा’ हा शब्द अधिक जवळचा आहे, कारण नजराण्यात रकमेपेक्षा समोरच्याचे श्रेष्ठत्व मान्य करण्याला महत्त्व असते. तमाशातील दौलतजादा वरकरणी असाच दिसला, तरी त्याची दिशा उलटी आहे. दौलतजादा करणारा प्रेक्षक पैसे देऊन फर्माईश करतो आणि घटकाभर स्वतःच दरबाराचा धनी होतो. आर्थिक वर्चस्वात देणारा ते धनीपण सोडून देतो. पैसे देण्याच्या रीतीतच मानाचा प्रश्न दडलेला असतो, हे कायद्यालाही मान्य करावे लागले आहे. जानेवारी २०१९ मध्ये महाराष्ट्रातील डान्सबारसंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसीला मुभा दिली, पण नोटा उधळण्यावरील बंदी कायम ठेवली.

अशा व्यक्तिरेखेची जडणघडण अठराव्या शतकातील लंडनमध्ये स्पष्ट दिसू लागते. किटी फिशर ही तेथील प्रसिद्ध गणिका १७५९ साली सेंट जेम्स पार्कमध्ये घोड्यावरून पडली, आणि त्या अपघातावर गाणी, चुटके आणि चित्रे यांचा बाजार भरला. त्याच वर्षी जोशुआ रेनॉल्ड्स याने तिला पेल्यात मोती टाकणाऱ्या क्लिओपात्राच्या रूपात रंगवले. अमूल्य मोती पेल्यात विरघळवून पिऊन टाकणाऱ्या राणीची ही कथा संपत्तीचा उपभोग घेण्याची नसून ती सहज नष्ट करण्याच्या सामर्थ्याची आहे. किटीने मोठ्या रकमेची बँकनोट पावाला लावून खाल्ली, अशी जी आख्यायिका कॅसानोव्हाच्या आठवणींतही आढळते, तिचा अर्थही तोच. ती घटना घडली की नाही हा प्रश्न गौण आहे. लोकांना ती खरी वाटावी, इतकी तिची प्रतिमा पक्की झाली होती. मात्र त्या प्रतिमेवर तिची सत्ता नव्हती. मूळ चित्रांवरून काढलेल्या स्वस्त छापांचा पैसा छापखानेवाल्यांकडे जाई, आणि आपली बदनामी व आपल्या चित्रांची विक्री यांविरुद्ध तिला वृत्तपत्रात जाहीर निवेदन द्यावे लागले.

एकोणिसाव्या शतकात व्यक्तिरेखा घडवण्याचे काम चित्रकाराकडून गिऱ्हाइकाच्या लेखणीकडे आले. लेंबर्ग येथे, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह शहरात, जन्मलेल्या लेओपोल्ड फॉन झाखर-माझोख या लेखकाने डिसेंबर १८६९ मध्ये फॅनी पिस्टोर हिच्याशी लेखी करार करून सहा महिन्यांचे दास्य पत्करले. तिने शक्य तितक्या वेळा, विशेषतः क्रूरपणे वागताना, फरचा अंगरखा घालावा, अशी अट त्यात होती. त्याचबरोबर लेखकाला रोज सहा तास स्वतःच्या कामासाठी मोकळे मिळावेत आणि त्याच्या पत्रांना तिने हात लावू नये, असेही कलम होते. दास म्हणवणाऱ्यानेच मालकिणीचा पोशाख आणि तिच्या सत्तेच्या मर्यादा ठरवल्या होत्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. या अनुभवावर आधारलेली ‘व्हीनस इन फर्स’ ही कादंबरी १८७० साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे आउरोरा र्युमेलिन हिने कादंबरीतील वांडा या नायिकेचे नाव धारण करून १८७३ मध्ये त्या लेखकाशी विवाह केला. कल्पित पात्राचे नाव जिवंत स्त्रीने आयुष्यभर वागवले, आणि संसारातील ओढगस्त व त्या सोंगाचा भार यांची आपली बाजू तिने १९०६ साली आत्मचरित्रात मांडली. तोपर्यंत मनोविकारतज्ज्ञ रिशार्ड फॉन क्राफ्ट-एबिंग याने लेखकाच्याच नावावरून ‘मॅसोकिझम’ ही संज्ञा रूढ केली होती.

विसाव्या शतकात टेलिफोनने या व्यवहाराला घड्याळ लावले. अमेरिकेत १९८० च्या दशकात विशिष्ट क्रमांकांवरील संभाषणाचे शुल्क थेट टेलिफोन बिलात जमा होऊ लागले, आणि प्रौढांसाठीच्या संभाषणसेवा त्यावर वाढल्या. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अश्लील आणि केवळ असभ्य असा भेद करून दुसऱ्या प्रकारच्या संभाषणाला घटनेचे संरक्षण दिले. चेहरा दिसत नसल्यामुळे केवळ आवाज, विराम आणि शब्दांची निवड यांतून पात्र उभे करण्याचे कौशल्य या सेवांत काम करणाऱ्या बायकांनी कमावले. परंतु नाव आणि क्रमांक कंपनीचे असल्याने कमावलेली ओळख त्यांना सोबत नेता येत नसे.

ही अडचण इंटरनेटने दूर केली. ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सोयी आणि दुकानांच्या संकेतस्थळांवरील ‘विशलिस्ट’, म्हणजे हव्या असलेल्या वस्तूंची जाहीर यादी, यांमुळे नजराणा थेट आणि दुरून पोचू लागला. समाजमाध्यमांवर गर्दी वाढली तशी प्रत्येकीला वेगळी भूमिका निवडावी लागली: कोणी कडक हिशेबनीस, कोणी लाडावलेली राजकन्या, तर कोणी थंडपणे दुर्लक्ष करणारी गृहिणी. नाव, रंगसंगती, छायाचित्रांची धाटणी आणि उत्तर देण्याची वा मौन पाळण्याची पद्धत यांत सातत्य राखणे हा या कारागिरीचा गाभा ठरला. फॅनीच्या कराराप्रमाणेच येथेही मर्यादा आधी ठरवाव्या लागतात, कारण देणाऱ्याची ऐपत, संमती आणि थांबण्याची मुभा यांचे भान सुटले की सोंग संपते आणि फसवणूक किंवा खंडणी सुरू होते.

किटीची प्रतिमा छापखान्याची होती, वांडाची नवऱ्याची आणि टेलिफोनवरच्या स्त्रीची कंपनीची; आजची प्रतिमा प्रथमच जिची तिची झाली आहे, पण तिच्यातून मिळणारा पैसा अजूनही दुसऱ्याच्या दारातून येतो. २०१६ साली लंडनमध्ये सुरू झालेला ‘ओन्लीफॅन्स’ हा मंच प्रत्येक रकमेतून २० टक्के कापून घेतो. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकांच्या दबावाचे कारण देऊन त्याने उघड लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली आणि आठवडा उलटण्याच्या आत ती मागे घेतली. हजारो मालकिणींच्या व्यवसायाचे भवितव्य त्या आठवड्यात बँका आणि मंच यांनी आपसात ठरवले.