न पाहिलेल्या देशाच्या गोष्टी : जर्मन मुलांची अमेरिका

माझ्या टेबलावरची पुस्तकं बघून हल्ली जो-तो विचारतो, "पीएचडी जर्मन बालसाहित्यावर, मग ही घोडे-बंदुका-अमेरिकेची पुस्तकं कशाला?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते. आणि जाता जाता माझी एक चूकही कबूल करते.

वेस्टर्न म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हॉलिवूडचा काउबॉय येत असेल. जर्मनीत मात्र पिढ्यानपिढ्या मुलांचा नायक होता अपाचे सरदार विनेतू. आपल्याकडे फास्टर फेणे जसा घराघरात पोचला, तसाच तिकडे हा. त्याचा निर्माता कार्ल माय (1842–1912).

माय हा एका गरीब विणकराचा मुलगा. 14 भावंडांपैकी 9 लहानपणीच गेली. हा शिकून शिक्षक झाला, पण चोरी आणि फसवणुकीच्या गुन्ह्यांत काही वर्षं तुरुंगात गेली. बाहेर आल्यावर त्याने लिहायला घेतलं. 'देर गुटे कामेराड' या मुलांच्या साप्ताहिकात 1887 पासून त्याच्या अमेरिकेतल्या साहसकथा क्रमशः येऊ लागल्या, आणि 1893 मध्ये 'विनेतू'चा पहिला खंड निघाला. गोष्ट सांगणारा गोरा नायक ओल्ड शॅटरहँड हा जर्मन, आणि विनेतू त्याचा रक्ताचा भाऊ मानलेला मित्र.

आता गंमत बघा. तोवर मायने अमेरिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं! नकाशे, विश्वकोश, चित्रकार जॉर्ज कॅटलिनची वर्णनं यांवर सगळं उभं केलेलं. इथपर्यंत ठीक होतं, कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असतेच. पण पुढे तो सांगू लागला, की ओल्ड शॅटरहँड म्हणजे मीच. कथेतल्या बंदुका त्याने बनवून घेतल्या, 1896 मध्ये तो पोशाख घालून फोटो काढले आणि राडेबॉइलमधल्या घराला नाव दिलं 'व्हिला शॅटरहँड'. वर्तमानपत्रांनी त्याचा तुरुंगवास उकरून काढल्यावर त्याची म्हातारपणाची वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. अमेरिकेला तो गेला थेट 1908 मध्ये, आणि तेही नायगारा-बफेलोच्या पुढे पश्चिमेकडे गेला नाही.

दुसरा लेखक फ्रिट्झ स्टॉयबेन. खरं नाव एर्हार्ड व्हिटेक. 1930 पासून त्याने शॉनी नेता टेकुमसेवर मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. टेकुमसे हा इतिहासातला खरा माणूस, तेव्हा पुस्तकंही जास्त 'खरी' असतील असं वाटतं ना? पण व्हिटेक नाझी पक्षात होता, आणि त्याचा टेकुमसे विखुरलेल्या लोकांना एका नेत्यामागे उभं राहायला शिकवतो. त्या काळच्या जर्मन मुलाला यातला इशारा कळायला वेगळी शिकवणी लागत नव्हती.

तिसरी लेखिका माझी आवडती : लिझेलोटे वेल्सकोप्फ-हेन्रिख (1901–1979). नाझी काळात तिने छळछावणीतून निसटलेल्या एका कम्युनिस्ट कैद्याला बर्लिनमध्ये लपवलं, आणि युद्धानंतर त्याच्याशीच लग्न केलं. पुढे ती पूर्व बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात प्राचीन इतिहासाची प्राध्यापक झाली. म्हणजे दिवसा ग्रीस, आणि उरलेल्या वेळात दाकोता! 1951 मध्ये तिची 'मोठ्या अस्वलीचे पुत्र' ही कादंबरी आली. सुरुवात 1876 सालात. तरुण सरदार तोकाई-इतो आपल्या लोकांना घेऊन कॅनडाच्या दिशेने निघतो. इथे वाट दाखवणारा कुणी जर्मन नायक नाही. विनेतू मरताना ख्रिस्ती होतो, तोकाई-इतोला तशी गरज पडत नाही.

पूर्व जर्मनीत तेव्हा माय छापलाच जात नव्हता. राडेबॉइलच्या संग्रहालयाच्या नावातूनही त्याला वगळलं होतं. ती मोकळी जागा या पुस्तकाने भरली, आणि 1966 मध्ये त्यावर सिनेमाही आला.

आता माझी चूक. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहून टाकलं : माय खोटारडा, वेल्सकोप्फ-हेन्रिख खरी, कारण ती प्रत्यक्ष तिथे गेली होती. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, "कधी?"

तारखा काढल्या आणि गप्प बसले. कादंबरी 1951 ची. तिचा पहिला उत्तर अमेरिका दौरा 1963 चा. म्हणजे मायसारखीच तीसुद्धा आधी ग्रंथालयातच बसली होती!

मग दोघांत फरक काय? मला तो सापडला नंतरच्या पुस्तकांत. प्रवासानंतर मायने 'विनेतू'चा चौथा खंड लिहिला. त्यात नव्या पिढीचे लोक विनेतूचा भव्य पुतळा उभारायला निघालेत. म्हणजे खरी अमेरिका पाहून आल्यावरही तो आपल्याच पात्राभोवती फिरत राहिला. वेल्सकोप्फ-हेन्रिख मात्र पुन्हापुन्हा गेली, लाकोता लोकांच्या घरी राहिली, आणि मग तिने तोकाई-इतोला बाजूला ठेवून जो किंग नावाच्या तरुणाची नवी मालिका लिहिली. काळ तिचा स्वतःचाच, जागा रिझर्व्हेशन. तिथे बेकारी आहे, दारू आहे, पोलीस आहेत. पिसांचा मुकुट घालून क्षितिजाकडे बघणारं कुणी नाही. लाकोतांनी तिला 'लाकोता-ताशिना' असं नाव दिलं, म्हणजे लाकोतांचं पांघरूण.

2022 मध्ये एका जर्मन प्रकाशनाने विनेतूवरची मुलांची दोन नवी पुस्तकं बाजारातून मागे घेतली आणि मोठा गदारोळ झाला. एक बाजू म्हणे, "आमचं बालपण हिरावू नका." दुसरी म्हणे, "ही खोटी चित्रं पुरे झाली." दोन्ही बाजू बोलत होत्या त्या जर्मनांच्याच विनेतूबद्दल. आजचे अपाचे काय वाचतात, काय लिहितात, हे त्या गोंगाटात फार थोड्यांनी विचारलं.

म्हणून आता मी पुस्तकं वाचताना 'हा लेखक तिथे गेला होता का' एवढ्यावर थांबत नाही. न पाहिलेल्या देशाबद्दल आपण सगळेच लिहितो. मीही त्यातलीच; पुण्यात बसून जर्मनीबद्दल आणि जर्मनांच्या अमेरिकेबद्दल लिहिते. खरी माणसं भेटल्यावर लेखकाने आपली जुनी गोष्ट बदलली की नाही, हे मी आता बघते. तो समासातला "कधी?" मी अजून खोडलेला नाही.