साथीची भाकिते आणि मृत्यूंची मोजदाद

२०२१ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस आमच्या शहरात (त्या वेळी त्याचे सरकारी नाव औरंगाबाद असे होते) एक मोठा वाद माजला. करोनाच्या साथीची दुसरी लाट चढत होती, आणि जिल्हा प्रशासनाने नऊ-दहा दिवसांची संपूर्ण टाळेबंदी जाहीर केली होती. तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांनी तिला विरोध करून मोर्चाची हाक दिली. ३० मार्चच्या रात्री प्रशासनाने हुकूम मागे घेतला. खासदारांच्या अनुयायांनी त्यांना खांद्यावर उचलून आनंद साजरा केला व त्यावरून गुन्हाही दाखल झाला. पुढे पंधरवडा उलटतो न उलटतो तोच साऱ्या राज्यावर कडक निर्बंध आले, आणि एप्रिल संपण्यापूर्वी मराठवाड्याने अंबाजोगाईचे ते दृश्य पाहिले, जेथे एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानाकडे नेले गेले.

या प्रकरणी कोणाचे बरोबर होते, हे ठरविण्याचा आमचा येथे हेतू नाही. हातावर पोट असणाऱ्याला टाळेबंदी म्हणजे काय, हे ज्यांनी २०२० सालच्या उन्हाळ्यात गुलमंडी व औरंगपुरा ओस पडलेले पाहिले, त्यांस सांगावयास नको. आमचे लक्ष वेधले ते वादाच्या पायाकडे. दोन्ही पक्ष ज्या वस्तूवर भांडत होते ती वस्तू म्हणजे अद्याप न मेलेल्या माणसांची संख्या. एकाच्या मते ती भयंकर होणार होती. दुसऱ्याच्या मते असे भय वर्षापूर्वीही घातले गेले होते व ते पोकळ निघाले होते.

वर्षापूर्वी खरोखर काय सांगितले गेले होते, हे पाहू. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील नील फर्ग्युसन व त्यांचे सहकारी यांनी असा अंदाज प्रसिद्ध केला की, काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार व अमेरिकेत २२ लाख माणसे मरतील. आठवड्याच्या आत ब्रिटनमध्ये टाळेबंदी आली. २५ मार्च रोजी याच फर्ग्युसन यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले की, नव्या निर्बंधांखाली मृत्यू २० हजारांच्या आत राहू शकतील. झाले! पंडितांनी आपले शब्द गिळले, अशी हाकाटी सुरू झाली. वास्तविक दोन आकड्यांच्या अटी दोन होत्या. छत्री न घेता गेलात तर भिजाल, व घेतलीत तर बहुधा कोरडे राहाल, या दोन वाक्यांत जेवढा विरोध आहे तेवढाच त्यांत होता. पुढे काय झाले? ब्रिटनमधील मृत्यू दोन लाखांवर गेले. अमेरिकेचा अधिकृत आकडाच मे २०२२ मध्ये दहा लाखांच्या पार झाला. म्हणजे चुकला असेल तर तो धीर देणारा लहान आकडा चुकला. तरी लोकांच्या स्मरणात टवाळीचा विषय होऊन राहिला तो मोठा आकडा. आम्हांस यात एक मनुष्यस्वभाव दिसतो: भय दाखविणाऱ्यास लोक क्षमा करीत नाहीत, दिलासा देणाऱ्यास लगेच करतात.

आपल्याकडेही हेच झाले. मार्च २०२० मध्येच रामनन लक्ष्मीनारायण या अभ्यासकांनी म्हटले की, पाश्चात्त्य देशांस लावलेले गणित हिंदुस्थानास लावले तर सुमारे ३० कोटी लोकांस लागण होईल व त्यांतील ४० ते ८० लाखांची प्रकृती गंभीर होईल. त्यांच्यावर अतिशयोक्तीचा आरोप आला. उलट २४ एप्रिल रोजी नीती आयोगाचे सदस्य डॉ. विनोद पॉल यांनी एक आलेख दाखविला. त्यातील रेषा १६ मेच्या सुमारास शून्यावर टेकत होती. १६ मे आला आणि गेला, रुग्ण वाढतच राहिले, आणि आलेखाचा तसा अर्थ नव्हता, असा खुलासा करावा लागला.

यानंतर भाकिताने एक नवे रूप घेतले, व ते आम्हांस सर्वांत विचारणीय वाटते. आता मरणाऱ्यांची नव्हे, तर वाचलेल्यांची संख्या सांगितली जाऊ लागली. १४ सप्टेंबर २०२० रोजी आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी लोकसभेत निवेदन केले की, टाळेबंदीमुळे १४ ते २९ लाख लोकांची लागण व ३७ ते ७८ हजार मृत्यू टळले. त्या दिवशी देशातील नोंदलेले मृत्यू ८० हजारांच्या घरात होते. पुढच्याच महिन्यात सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितले की, टाळेबंदी नसती तर २५ लाखांहून अधिक माणसे मेली असती. आणि काळजी घेतल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. महिन्याभराच्या अंतराने वाचलेल्यांची संख्या हजारांवरून लाखांवर गेली. फेब्रुवारीनंतर काय झाले ते वर आलेच आहे.

न घडलेला मृत्यू कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. म्हणून त्याचा आकडा कितीही लहान वा मोठा सांगता येतो व कोणास तो खोडून काढता येत नाही. भाकीत ऐकून उपाय केला, तर भाकिताची कसोटीच नाहीशी होते. शास्त्राच्या दृष्टीने ही अडचण आहे. राजकारणाच्या दृष्टीने मात्र ती मोठी सोय आहे. शिवाय या वजाबाकीत दुसऱ्या बाजूचे आकडे कोणी धरीत नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे आमच्याच जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातील माणसे रुळांच्या कडेने भुसावळकडे चालली होती, कारण टाळेबंदीत काम नव्हते व वाहनही नव्हते. टळलेल्या ३७ हजारांतून हे सोळा वजा झाले काय? लंडनच्या, दिल्लीच्या वा अन्य कोणत्याही भाकितात त्यांस जागा नव्हती.

आता या भाकितांचे गणित मुळात आले कोठून, हे पाहिले असता वाचकांस नवल वाटेल. त्याचा पहिला मोठा पडताळा आपल्या मुंबईच्या मृतांवर घेतला गेला होता. १९२७ साली कर्मॅक व मॅककेंड्रिक या दोघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मॅककेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरीत होते व कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख राहिले होते. कर्मॅक प्रयोगशाळेतील अपघाताने १९२४ साली अंध झालेले रसायनशास्त्रज्ञ होते. लोकसंख्येचे तीन भाग कल्पावयाचे: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे होऊन वा मरून बाजूला पडलेले. एका भागातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात यावरून साथीची चढउतार काढावयाची. २०२० सालचे बहुतेक अंदाज याच साच्यातून निघाले. साचा बरोबर आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी जे आकडे घेतले ते मुंबई बेटावरील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे. गणिताची रेषा त्या ठिपक्यांवरून मोठ्या डौलाने गेली. प्लेग माणसाकडून माणसाकडे नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमुळे येतो, ही गोष्ट पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ सालीच मांडली होती. तिकडे दुर्लक्ष करूनही रेषा जुळली! जुळलेली रेषा पाहून फार हुरळून जाऊ नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणि ते ठिपके तरी कितपत खरे? १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग आहे असे प्रथम सांगितले, तेव्हा ते लगेच मान्य झाले नाही. मुंबईचा व्यापार जगभर चालत होता. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मिटणार. १८९७ च्या फेब्रुवारीत व्हेनिस येथे याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच महिन्यात साथरोगांचा कायदा झाला, जो २०२० साली पुन्हा बाहेर काढण्यात आला. कायद्याबरोबर घरझडत्या व विलगीकरण आले. ते आले तसे रोगी व प्रेते लपविली जाऊ लागली, आणि प्लेगचे कित्येक मृत्यू दुसऱ्या तापांच्या नावे नोंदले गेले. लाखोंनी लोक शहर सोडून गेले. तेव्हा हजारी मृत्यूचे प्रमाण काढताना भागाकार कोणत्या संख्येने करावयाचा, हाही प्रश्नच होता. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ वस्तीचे ते शहर १९०१ साली ७,७६,००६ वर आले होते. भीतीपोटी अपुऱ्या राहिलेल्या अशा नोंदींच्या परंपरेवर हे शास्त्र उभे राहिले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईत एकट्या ६ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याने ७६८ माणसे नेली. सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली प्राथमिक अहवालात सबंध हिंदुस्थानातील मृत्यू ६० लाखांच्या सुमाराचे धरले. हा आकडा त्या वेळी अतिशय मोठा वाटला असेल. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा अंदाज १ कोटी २० ते ३० लाखांवर गेला, व पुढील अभ्यासकांनी तो आणखी चढविला. पहिला हिशेब कमी का पडला, याचे कारण साधे आहे: गावोगाव मृत्यू लिहून ठेवणारी माणसेच आजारी पडली वा मेली, आणि नोंदवह्या कोऱ्या राहिल्या. आमचा मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची लोकसंख्या १९११ साली १,३३,७४,६७६ होती. १९२१ साली ती १,२४,७१,७७० भरली. त्या दशकात दुष्काळ व प्लेगही होते, म्हणून ही सारी घट इन्फ्लुएंझाची म्हणता येत नाही. तरीपण जवळजवळ नऊ लाखांचा हा खड्डा खानेसुमारीवाचून कोणास दिसला नसता.

२०२० सालच्या साथीतही गोष्ट याच वळणावर आली. ५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू अधिक झाले असावेत. सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांचा होता. केंद्र सरकारने या अंदाजावर तीव्र आक्षेप घेतला; आक्षेप असा की, हे गणिती साचे भारतासारख्या देशास लागू करणे गैर आहे. आता, वाचलेल्यांची संख्या सांगताना २०२० साली जे आधाराला घेतले ते साचेच नव्हते काय? न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ज्यांनी २०२० साली या गणिताची थट्टा केली त्यांपैकी कित्येकांनी २०२२ साली तेच डोक्यावर घेतले. साच्यावरचा विश्वास पक्षाबरोबर बदलत गेला.

आमच्या मते भाकिताचा वाद कधीच मिटणारा नाही, व त्यावर एवढा जीव टाकण्याचे कारणही नव्हते. मिटणारा वाद मोजदादीचा होता, आणि त्याचीच हेळसांड झाली. न्यायालयाच्या आदेशाने मृतांच्या वारसांस ५० हजार रुपयांचे साहाय्य द्यावयाचे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात १ लाख ४१ हजारांवर नोंदलेल्या मृत्यूंसमोर २ लाख १३ हजारांहून अधिक अर्ज जानेवारी २०२२ पर्यंत येऊन पडले. काही अर्ज दुबार असतील, आणि मृत्यूची व्याख्याही मध्यंतरी सैल झाली होती. पण सत्तर हजारांचे अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. देशाच्या मृत्यूनोंदीत २०१९ साली ७६ लाख, २०२० साली ८१ लाख, आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यू आहेत. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या वर्षी एकवीस लाखांची वाढ; नोंदणी थोडी सुधारली असे धरले तरी त्या वर्षाच्या सरकारी करोना-मृत्यूंच्या ती कित्येक पट आहे. २०२० सालच्या नोंदी जागतिक संघटनेच्या आकड्याच्या दोनच दिवस आधी घाईने बाहेर आल्या होत्या. २०२१ सालच्या मात्र मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तोवर लोकसभेची एक निवडणूक होऊन गेली होती.