संध्याकाळी घरी जाणारे रुग्ण

मनोरुग्णालय म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं उंच भिंत आणि कुलूपबंद दार उभं राहतं. कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे याची पक्की खात्री वाटणं, खरं-खोटं यांतला फरकच कळेनासा होणं, याला डॉक्टर ‘सायकोसिस’ म्हणतात. असा माणूस भिंतीआड गेला, की पुष्कळदा वर्षानुवर्षं तिथंच राहायचा.

या भिंतीला वाट पडली ती खाटा कमी पडल्या म्हणून, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. १९३३ साली मॉस्कोत रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा डॉ. जागारोव यांनी रुग्णांना दिवसा उपचारासाठी बोलावून संध्याकाळी घरी पाठवायला सुरुवात केली. १९४६ मध्ये माँट्रियलला डॉ. इवन कॅमेरॉन यांनी ‘डे हॉस्पिटल’ काढलं. त्याच सुमारास लंडनमध्ये डॉ. जोशुआ बिअरर यांनीही. हेच कॅमेरॉन पुढं रुग्णांवर केलेल्या अघोरी प्रयोगांमुळं बदनाम झाले, हेही सांगायला हवं.

१९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमझिन हे औषध वापरात आलं. भास ओसरू लागले, आणि घरी राहून उपचार घेणं अनेकांच्या आवाक्यात आलं. अमेरिकेत १९६३च्या कायद्यानं गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रं काढायचं ठरलं. त्यांच्या आवश्यक सेवांत दिवसाचे उपचारही होते.

तिथं दिवसभर चालतं काय? डॉक्टरांची भेट, औषधांवर लक्ष, गटात बसून बोलणं, हातांना काम, घरच्यांशी चर्चा. आठवड्यातले बरेचसे दिवस हा क्रम चालतो. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र दाखल करण्याला पर्याय नसतो. इतरांच्या बाबतीत, केंद्रात शिकलेलं त्याच संध्याकाळी बसमध्ये, शेजाऱ्यांत, जेवणाच्या पानावर वापरून पाहता येतं. चुकलं, तर दुसऱ्या दिवशी विचारायला माणसं असतात.

आपल्या देशात याची दुसरी बाजू दिसली. १९५०च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांनाच रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. तिकडं रुग्ण घराकडं गेला, इकडं घर रुग्णाकडं आलं! पुढं १९८४ मध्ये चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी ‘स्कार्फ’ ही संस्था काढली. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. अशा संस्थांनी पुनर्वसनाच्या कामात कुटुंबांना सोबत घेतलं. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटानं हा आजार मराठी प्रेक्षकांपुढं आणला.

तरीही तालुक्याच्या गावी असं केंद्र आजही सहसा सापडत नाही. तिथं दिवसाचा आणि रात्रीचा सगळा भार एखादी थकलेली आई वाहते. केंद्रं वाढायला हवीत, हे खरंच. पण केंद्र दिवसच सांभाळतं. संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला “आज काय केलंस?” असं सहज विचारणारं घर आणि त्याला पाहून दार न लावणारा शेजार, ही निम्मी जबाबदारी तुमची-माझी आहे, असं मला वाटतं.