मेटॉरसकाठच्या दोन रात्री

रात्रीची कूच म्हटली की आपल्यापुढे अंधार आणि धाडस एवढेच उभे राहते. रोमन इतिहासकार लिव्ही मात्र इ. स. पू. २०७ मधील अशाच एका मोहिमेची हकीकत सांगताना रस्ता, शिधा आणि आवाज यांना अधिक जागा देतो. ती हकीकत आम्हांला पुनःपुन्हा वाचाविशी वाटते ती त्यामुळेच.

दक्षिण इटलीत कॉन्सल क्लॉडियस नीरो (पुढचा कुप्रसिद्ध सम्राट नव्हे) हॅनिबलसमोर तळ ठोकून होता. हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रुबल आल्प्स ओलांडून उत्तरेत उतरला होता. त्याचे भावाला लिहिलेले पत्र रोमनांच्या हाती पडले. सिनेटच्या संमतीची वाट न पाहता नीरोने ६,००० पायदळ आणि १,००० स्वार निवडले, जवळच्या एका लुकानियन नगरावर छापा घालण्याची हूल उठवली आणि उत्तरेची वाट धरली. वाटेवरच्या मुलखांना निरोप आधीच गेले होते. लोक शिधा घेऊन रस्त्यावर उभे होते.

दुसरा कॉन्सल मार्कस लिव्हियस याचा तळ सेना नावाच्या गावाजवळ होता (मराठी कानाला हा योग गमतीचा वाटावा). नीरो तेथे रात्रीच शिरला. नवे तंबू ठोकले नाहीत. शिपायाने शिपायाला, सेंचुरियनने सेंचुरियनला आपल्या तंबूत घ्यावे, असा हुकूम होता. डोळ्यांना फसवण्याची तयारी चोख होती. पण कॉन्सल दोन म्हणून तळात रणशिंग दोनदा वाजले! हॅस्ड्रुबलच्या हेरांनी ते ऐकले. रोमन शिस्तीनेच रोमन गुपित फोडले, हे लिव्ही टीका न करता नोंदवतो.

मग हॅस्ड्रुबलही रात्रीच निघाला. परंतु त्याचे वाटाडे निसटले, मेटॉरसची वळणे संपेनात, उतार सापडेना. नीरोला रस्ता दाखवायला आणि जेवू घालायला गावेच्या गावे होती, याला दोन वाटाडेही उरले नाहीत. आमच्या मते लढाईचा निकाल येथेच लागला होता. दिवसाउजेडी तो अमलात आला आणि हॅस्ड्रुबल मारला गेला.

नीरो त्याच रात्री परत फिरला आणि सहाव्या दिवशी आपल्या तळावर पोहोचला. सोबत हॅस्ड्रुबलचे शिर होते. ते त्याने हॅनिबलच्या चौक्यांपुढे फेकविले. आदल्याच वर्षी कॉन्सल मार्सेलस पडला, तेव्हा हॅनिबलने त्याचे दफन केले होते. तेही लिव्हीनेच लिहिले आहे.