घटातले अंकुर आणि मातीविना शेती

नवरात्रात आपल्या घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर माती, मातीत गहू-ज्वारी, मधोमध पाझरणारा घट. नऊ दिवसांत वीतभर पिवळे अंकुर. त्यांना खत कोण घालतं? कुणीच नाही. मग ते वाढतात कशावर? मातीविना शेतीचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे. आपल्या बीड जिल्ह्यात तर तो थेट दावणीपाशी येऊन ठेपतो.

ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्मोंटने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचं, रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं. माती घटली जेमतेम 2 औंस. त्याने ठरवलं, झाड पाण्याचंच बनतं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली छापला गेला. त्याचं चुकलं कुठे? हवा आणि उजेड त्याने धरलेच नाहीत, आणि ते 2 औंस सोडून दिले.

त्या 2 औंसांचं मोल कळायला दोन शतकं गेली. 1860 च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी पाण्यात नेमके क्षार विरघळवून मातीशिवाय रोपं वाढवली. 1929 पासून कॅलिफोर्नियात गेरिकेने तशाच द्रावणावर टोमॅटो घेतले; 1937 मध्ये या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळालं. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी 1946 च्या सुमारास कालिम्पाँगला खडी-वाळूवर स्वस्तातले प्रयोग केले. तीच ‘बंगाल पद्धत’.

आता बीडकडे या. 1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला. 2013, 2016, 2019 च्या चारा छावण्या आपण पाहिल्या. याच वर्षांत हायड्रोपोनिक चाऱ्याचं नाव गावोगाव पोचलं. कृती सोपी आहे: मका दिवसभर भिजवायचा, गोणपाटात बांधून मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरून शेडनेटखाली ठेवायचा, वरचेवर पाण्याचा फवारा. सात ते दहा दिवसांत हिरवी गादी तयार. एका किलोचे सहा-आठ किलो!

पण मंडळी, इथे व्हॅन हेल्मोंटला आठवा. हे वाढलेलं वजन पाण्याचं आहे. त्या आठवड्यात दाणा घटातल्या अंकुरासारखा स्वतःचीच शिदोरी खातो. कोरडं वजन वाढत नाही, उलट थोडं घटतंच. म्हणून हा चारा कोवळा, पचायला हलका, थोड्या पाण्यात येणारा असला, तरी तो कडब्याची जागा घेत नाही. आठपट चारा मिळेल या हिशेबावर कर्ज काढून यंत्र घेऊ नका. बुरशी आलेला ट्रे जनावराला घालू नका. औषध लावलेलं बियाणं तर मुळीच वापरू नका.

घरच्यासाठी पालक, कोथिंबीर करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बियाची शिदोरी संपल्यावर अन्नद्रावण द्यावंच लागतं. द्रावणाचा सामू 5.5 ते 6.5 ठेवायचा, शेवाळ येऊ नये म्हणून भांडं झाकायचं, मुळांना हवा लागू द्यायची. सुरुवात एका टबापासून करू या.

दुष्काळी मुलखात आपण पाणी मोजायला शिकलो. आता पाण्याने फुगलेलं वजनही ओळखायला शिकू या.