शांती आधी, भाकर नंतर

27 सप्टेंबर 1947. स्वातंत्र्याला सहा आठवडे झाले होते. पंजाब पेटलेला होता, गांधीजी दिल्लीत ठाण मांडून बसले होते आणि देशाची वाटणी कागदावरून माणसांच्या अंगावर उतरत होती. त्याच दिवशी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये उलटा प्रकार चालला होता. पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या चुली मांडून बसलेली घराणी एका चुलीवर येत होती. अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते आणि साउथ इंडिया युनायटेड चर्चही होतं, म्हणजे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी 1908 मध्येच केलेला संसार. अध्यक्षस्थानी त्रावणकोर-कोचीनचे बिशप सी. के. जेकब होते. नव्या ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ला त्या दिवशी 14 बिशप मिळाले. त्यांतल्या नऊ जणांचा अभिषेक तिथेच झाला आणि त्यांत मदुराई-रामनादचे अवघे 37 वर्षांचे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लेस्ली न्यूबिगिनही होते.

या संस्थेचा इतिहास सहसा वाटाघाटींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण माझ्या मते तिची खरी वाटचाल पाहायची तर ठराव आणि घटना बाजूला ठेवून रविवारच्या उपासनेकडे पाहावं. कोण कुणाशेजारी बसतं, क्षमा कुणाकडे मागितली जाते, भाकर आणि प्याला कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो, यांवरूनच ती कळते.

वाटाघाटींची सुरुवात 1919 मध्ये तरंगमबाडीला झाली. इंग्रज तिला ट्रँक्वेबार म्हणत. 1706 मध्ये पहिले प्रोटेस्टंट मिशनरी जिथे उतरले, तेच हे डॅनिश ठाणं. मेच्या पहिल्या दोन दिवसांत 33 पाळक तिथे जमले आणि त्यांतले 31 भारतीय होते. पुढाकार दोर्नकलचे बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरया यांचा होता. 1912 मध्ये अभिषिक्त झालेले ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. जाहीरनाम्याचा सूर स्पष्ट होता : ही फाटाफूट आमची नव्हे, ती युरोपातून जहाजात भरून आली, तिच्यामुळे आम्ही इथे दुबळे झालो आहोत, ती पुढे चालवण्याचं आम्हांला कारण नाही. म्हणायला सोपं होतं, पण एकत्र यायला आणखी 28 वर्षं लागली. अझरयांना तो दिवस पाहता आला नाही. 1 जानेवारी 1945 रोजी ते गेले.

एवढी वर्षं अडलं कुठे? मुख्यतः बिशपांवर. अँग्लिकन परंपरेत पाळकाच्या डोक्यावर बिशपाचा हात पडावा लागतो. मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पाळकांना तो हात लाभलेला नव्हता. मग त्यांना पुन्हा दीक्षा द्यायची का? म्हणजे त्यांची आयुष्यभराची सेवा कच्ची ठरवायची का? लंडनमध्ये या प्रश्नावर रान उठलं होतं. टी. एस. एलियट या कवीने 1943 मध्ये या योजनेविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली आणि तिच्या नावातच जोडण्याच्या मिषाने होणारा विध्वंस होता. मद्रासने काढलेला तोडगा मला आजही धाडसी वाटतो. कुणालाही पुन्हा दीक्षा घ्यायला लावायची नाही, जे ज्या अवस्थेत आले ते तसेच स्वीकारायचे. यापुढच्या दीक्षा बिशपांच्या हातून होतील आणि तीस वर्षं दोन्ही प्रकारचे पाळक शेजारी-शेजारी नांदतील. मात्र मंडळीचं मन मानत नसेल, तर तिच्यावर कोणताही पाळक लादायचा नाही, असं वचनही दिलं गेलं. थोडक्यात, आधी हिशेब चुकता करा आणि मग पंगतीला बसा, ही अट काढून टाकली. याची किंमत मोजावी लागली. इंग्लंडमधल्या एका जुन्या मिशनसंस्थेने आर्थिक मदतीचा हात आखडता घेतला आणि जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या 1948 च्या लॅम्बेथ परिषदेने या नव्या मंडळीला पुरतं जवळ केलं नाही.

आता उपासनेकडे वळू. एकत्र आलेल्यांची प्रार्थनापुस्तकं वेगवेगळी होती. कुणी गुडघे टेकून 1662 च्या इंग्रजी पुस्तकातली ठरलेली वाक्यं म्हणत, तर कुणाला छापील प्रार्थनेचंच वावडं होतं. नवा विधी तयार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्यातली महत्त्वाची व्यक्ती म्हणजे लेस्ली ब्राउन. ते त्रावणकोरात शिकवत होते, तिथल्या सिरियन ख्रिस्ती समाजाचे अभ्यासक होते आणि पुढे युगांडाचे आर्चबिशप झाले. समितीने बांधलेला प्रभुभोजनाचा विधी 1950 मध्ये प्रथम वापरात आला, 1954 मध्ये सुधारला गेला आणि 1963 मध्ये संपूर्ण उपासनापुस्तकात बसला. त्यात काय काय एकत्र आलं ते पाहिलं की समितीच्या मोकळ्या मनाचं कौतुक वाटतं. एक प्रार्थना स्पेनच्या प्राचीन मोझाराबिक परंपरेतून घेतली, काही प्रतिसाद पूर्वेकडच्या सिरियन विधींतून घेतले आणि नववर्षाची करार-उपासना मेथडिस्टांकडून घेतली. पाळक वेदीच्या पलीकडे उभा राहून लोकांकडे तोंड करू लागला. त्या काळी पश्चिमेतल्या बहुतेक चर्चमध्ये तो लोकांकडे पाठ किंवा कूस करून उभा असे.

पण मला या विधीत सर्वांत मोलाच्या वाटतात त्या क्षमेच्या दोन जागा. जुन्या इंग्रजी पुस्तकात पापाची कबुली विधीच्या मध्यावर येई. मद्रासच्या समितीने ती सुरुवातीला आणली. आत आलात की पायताण काढावं, तसं पहिल्यांदा मन उघडायचं. शिवाय जुन्या क्रमात पाळक क्षमा जाहीर करी आणि मग दिलाशाची वचनं वाची. नव्या क्रमात कबुलीनंतर दयेची वचनं आधी येतात आणि क्षमेची घोषणा नंतर. बदल लहान आहे, पण त्यातून एक गोष्ट लोकांच्या कानावर पडते की क्षमा पाळकाच्या अधिकारातून येत नाही, ती आधीच दिलेल्या शब्दातून येते.

दुसरी जागा शांती देण्याची. उपदेश, विश्वासाची कबुली आणि मध्यस्थीच्या प्रार्थना झाल्या की अर्पण वेदीवर नेण्याआधी सगळे उभे राहतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगून ठेवलं आहे की अर्पण आणताना भावाचा आपल्यावर राग असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा आणि मग यावं. समितीने ते शब्दशः घेतलं. पाळक आपल्या सोबतच्या सेवकांना शांती देतो, ते ती घेऊन खाली येतात आणि ओळीमागून ओळ ती पुढे सरकते. पद्धत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची आहे. आपला उजवा तळहात समोरच्याच्या उजव्या तळहाताला भिडवायचा आणि डाव्या हाताने त्याचा हात झाकायचा. पश्चिमेत ही चाल शतकानुशतकं सामान्य उपासकांमधून नाहीशी झाली होती. मद्रासच्या विधीनंतरच्या दोन-तीन दशकांत जगभरच्या कितीतरी प्रोटेस्टंट विधींमध्ये ती परतली आणि तिचा माग काढणारे अभ्यासक या विधीशी येऊन थांबतात.

हा विधी कुणावर सक्तीने लादला नाही, हेही नमूद करायला हवं. बऱ्याच मंडळ्या कित्येक वर्षं जुन्याच पुस्तकाला चिकटून राहिल्या. जुन्या चालींची सवय सुटत नाही, हे एक कारण होतंच. पण तमिळ मुलखात शेजाऱ्याचा हात हातात घेण्याला आणखी जुना अडथळा होता, तो जातीचा.

इथे थोडं तंजावरला जायला हवं आणि तिथे मराठी वाचकाला ओळखीची माणसं भेटतात. सरस्वती महालामुळे आपल्याला ठाऊक असलेले दुसरे सरफोजी राजे हे मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढले. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर राजांनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. त्यात मृत्युशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेले स्वतः राजे कोरलेले आहेत. याच श्वार्ट्झ यांचे दुसरे शिष्य म्हणजे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्रियार. सरफोजींनी त्यांना आश्रय दिला होता. त्यांची कीर्तनं आजही चेन्नईतल्या तमिळ मंडळ्या गातात. पण श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये वरच्या मानल्या गेलेल्या वेल्लाळ जातीचे लोक आणि दलित वेगवेगळे बसत. 1820 च्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी ते मोडायला घेतलं, तेव्हा शास्त्रियारांनी हिरिरीने जातीची बाजू लढवली. बसण्याची जागा हा समाजरीतीचा भाग आहे, श्रद्धेचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. भक्ती अस्सल आणि भिंतही अस्सल. मराठी संतपरंपरेच्या अभ्यासकाला हे कोडं परकं वाटणार नाही.

1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढलं की चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची गेली पाहिजे. तंजावरला आणि मद्रासच्या वेपेरीला कितीतरी कुटुंबांनी चर्च सोडलं. पुढे 1840 च्या दशकात जातीबाबत मवाळ असलेल्या लाइपझिग मिशनने त्यांतल्या अनेकांना आसरा दिला. 1850 मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने सहभोजन हीच जात सोडल्याची कसोटी ठरवली. विल्सन यांचं म्हणणं योग्यच होतं. पण वरून आलेल्या हुकमाने शेजारी बसवता येतं, हात हातात देता येत नाही. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातींच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. म्हणूनच 1950 च्या विधीतली ती शांती मला नुसती सुंदर चाल वाटत नाही. उच्चवर्णीय घरातल्या माणसाने दर रविवारी, भाकरीला हात लावण्याआधी, शेजारच्या दलित माणसाचा हात आपल्या हातांत घ्यावा, ही मागणी कुठल्याही फर्मानाहून अवघड आहे.

ज्याचा हात शतकानुशतकं झिडकारला, त्याने फक्त क्षमा करत राहावं का? हा प्रश्न विचारला गेला तोही चेन्नईतच. किलपॉकच्या गुरुकुल लुथेरन धर्मशास्त्र महाविद्यालयात दलित धर्मशास्त्राचा विभाग उभा राहिला आणि तो ज्यांनी चालवला ते अरविंद निर्मल महाराष्ट्रातून आलेले. 1981 मध्ये बंगळुरूला त्यांनी या विचाराची पहिली मांडणी केली होती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण सांगतो. निर्मल यांनी त्याच्या जागी आपला पूर्वज उभा केला, गळ्यात थुंकीचं मडकं आणि पाऊल पुसायला कमरेला फांदी बांधलेला. पेशवाईची ही आठवण मद्रासच्या धर्मशास्त्राच्या वर्गात गेली. तिने बजावलं ते असं की ज्याच्यावर अन्याय झाला त्याची कहाणी ऐकल्याशिवाय कबुली अपुरी आहे. 1990 मध्ये मद्रासचे बिशप झालेले एम. अझरया यांनी दलित ख्रिश्चनांच्या प्रश्नाला चर्चच्या मुख्य व्यासपीठावर आणलं. 1950 च्या राष्ट्रपती आदेशातल्या अनुसूचित जातींच्या सवलती 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिश्चनांना अजून नाहीत. पण आपल्याच घरात जात पाळणाऱ्या चर्चने सरकारकडे कोणत्या तोंडाने जावं, हा प्रश्न दलित ख्रिश्चनांनीच चर्चला विचारला आहे.

आज या मंडळीत सुमारे 40 लाख माणसं आणि 24 धर्मप्रांत आहेत. तिच्या सर्वोच्च सभेचं, म्हणजे सिनॉडचं, मुख्यालय चेन्नईच्या रायपेट्टा भागात आहे. गेल्या काही वर्षांत सिनॉडच्या निवडणुकांचे तंटे मद्रास उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. दर रविवारी समेटाचा विधी करणाऱ्यांना आपला समेट न्यायाधीशांकडे न्यावा लागतो, यावर चेन्नईतले साधे उपासक माझ्याहून कडक बोलतात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळ्या या चर्चमध्ये नाहीत. त्यांतल्या अनेक 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. पण मोकळ्या पंगतीचं स्वप्न आपल्याकडेही पडलं होतं. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांनी टिळक गेले आणि दरबार ओसरला. मद्रासच्या मंडळीने इतकी मोकळीक कधी दिली नाही, तिच्या प्रभुभोजनाला बाप्तिस्म्याचा उंबरठा आहेच. टिळकांकडे मोठं मन होतं, मागे संस्था नव्हती. मद्रासकडे संस्था होती, म्हणून तिची पावलं लहान पडली आणि टिकली.

त्यांतलं एक पाऊल आंध्रातल्या नंद्यालचं आहे. 1947 मध्ये तिथल्या अँग्लिकन मंडळींतल्या मोठ्या गटाने एकीत यायला नकार दिला. बिशपपदाची जुनी साखळी भेसळीची होईल, ही त्यांची धास्ती होती. अनेक वर्षं ते बाहेर राहिले, मग आले. त्यांना आत घेताना कुणी जुना हिशेब काढला नाही. दरम्यान 1976 पासून चर्च ऑफ साउथ इंडियात स्त्रियांना पाळकाची दीक्षा मिळू लागली होती. सप्टेंबर 2013 मध्ये या मंडळीच्या पहिल्या स्त्री बिशप म्हणून एग्गोनी पुष्पललिता यांचा अभिषेक झाला, आणि त्यांना मिळालेला धर्मप्रांत नंद्यालचा होता.