संदेशखिडकीची सजावट : एक साधनविचार

संगणकावरील तात्काळ संदेशव्यवहाराचा आरंभकाळ स्थूलमानाने १९९६ ते २००५ असा धरता येईल. इस्रायलमधील मिराबिलिस कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘आयसीक्यू’ प्रसृत केले. त्यामागोमाग १९९७ मध्ये एओएलचा, १९९८ मध्ये याहूचा व १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा मेसेंजर आला. त्या काळाविषयी आज जी हळहळ व्यक्त होते, तिचा बराच भाग संभाषणांविषयी नसून सजावटीविषयी असतो. इतिहासाभ्यासकाने ती केवळ भावविवशता म्हणून बाजूस सारू नये.

याहूच्या मेसेंजरमध्ये संभाषणाच्या खिडकीस चित्रमय पार्श्वभूमी देता येई, आणि ती दोघांच्याही खिडक्यांत उमटे. म्हणजे एकाची आवड दुसऱ्याचाही परिसर बनवीत असे. २००४ मध्ये तेथे ‘अवतार’ आले. केशरचना, पोशाख, मागचा देखावा हे सारे निवडून ही आकृती रचावयाची असे. (संस्कृतातून इंग्रजीत गेलेला हा शब्द असा स्वगृही परतला खरा; परंतु त्यातील देव मात्र वाटेतच गळाला.) मायक्रोसॉफ्टने २००३ मधील सहाव्या आवृत्तीत स्वतःचे चित्र व स्वतः केलेली भावचिन्हे वापरण्याची सोय दिली. त्याच वर्षी चीनमधील टेन्सेन्टने ‘क्यूक्यू शो’द्वारे अवतारांची वस्त्रे विकावयास आरंभ केला. कंपनीच्या लेखी ते उत्पन्न होते. घेणाऱ्याच्या लेखी तो आपला चेहरा होता.

हा चेहरा कोठे साठविला जाई, हा खरा प्रश्न आहे. संभाषणाची नोंद ठेवल्यास तिची फाइल समोरच्या संगणकावर राही. याहूचा अवतार मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असे. महाराष्ट्रातील ज्या तरुणांना मेसेंजरचा परिचय सायबर कॅफेत झाला, त्यांना ही व्यवस्था सोयीचीच होती. तासाच्या भाड्याने घेतलेल्या कोणत्याही यंत्रावर नाव व पासवर्ड टाकताच अवतार हजर होई. तीच व्यवस्था पुढे त्यांच्या मुळावर आली. मायक्रोसॉफ्टची सेवा बहुतेक देशांत २०१३ मध्ये, एओएलची १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहूची १७ जुलै २०१८ रोजी व आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी बंद झाले. सर्व्हरवरचे रूप त्याबरोबर गेले.

घरी संगणक असलेल्यांच्या जुन्या फाइली क्वचित हाती लागतात. मायक्रोसॉफ्टच्या नोंदींत मजकुराबरोबर अक्षरवळण व रंग यांचीही नोंद आढळते. परंतु स्वनिर्मित भावचिन्हाच्या जागी ते उमटविण्यासाठी टंकलेली अक्षरेच तेवढी उरली आहेत, आणि त्यांचा अर्थ लावणे त्या दोघांखेरीज इतरांस बहुधा अशक्य आहे. कॅफेतील वापरणाऱ्यांपाशी तेवढेही नाही. त्यांच्या संभाषणांच्या फाइली दुसऱ्याच्या यंत्रावर राहिल्या आणि यंत्रे मोडीत गेली. त्या वर्गाच्या बाबतीत आठवण हेच जवळजवळ एकमेव साधन उरते; आणि त्या आठवणी सांगणारे आज चाळिशीच्या आसपास आहेत.